पोट-बंदच्या बारा गोळ्या

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

शैलाला सकाळपासून चार वेळा जुलाब. नेमकं आज. उद्या महालक्ष्म्या यायच्या, परवा पूजन आणि बावीस पानं जेवायला. बायको एका हाताने पोट धरून ओट्याशी उभी आणि तोंडाने सोळा भाज्यांची यादी चालू. पडवळ मिळालं नाही, तर दोष माझा.

काल दुपारी दोघं सराफ्यात गेलो होतो. महालक्ष्म्यांच्या नथी पॉलिशला टाकल्या होत्या. येताना पानीपतासे, म्हणजे इथली पाणीपुरी, खाल्ले. मी सहा, तिने आठ. मला काही झालं नाही. तिच्या मते पानीपताशांचा काही दोष नाही, माझी नजर लागली.

डबा काढला. माझा औषधांचा डबा म्हणजे या घरातला दवाखाना. सिंचन खात्यात तेहेतीस वर्षं नकाशे काढले, ते अक्षर वाया जाऊ नये म्हणून गोळ्या पाकिटातून काढून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरतो आणि वर लेबल लावतो. ताप. सर्दी. पित्त. पोट-बंद. खाली बारीक अक्षरात भरल्याची तारीख आणि किती भरल्या ते. पाकिटं ठेवली की डब्याचं झाकण लागत नाही. आणि आतला तो घडीचा कागद, मुंगीच्या अक्षरातला, तो कोण वाचतो.

पोट-बंदच्या दोन दिल्या. जेवणानंतर आणखी एक. "जाऊन आलीस की एक," हा माझा जुना नियम. संध्याकाळपर्यंत बंद.

ऋचा म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना एकदा विचारूया ना." ऋचा आमची सून, नाशिकची. आमचा मुलगा अमोल नोकरीसाठी वर्षभर बेंगलुरूला आणि हिचं ऑफिस इथे, म्हणून ती आमच्याकडे. तिला म्हटलं, जुलाबाला डॉक्टर लागला तर मी कशाला आहे?

हसली नाही. ही पिढी माझ्या विनोदांना हसत नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी पुन्हा सुरू.

आमच्याकडे महालक्ष्म्यांचं सोवळं कडक, आईच्या वेळेपासूनचं. डोक्यावरून स्नान, सोवळ्याचं पातळ, मग ओट्याला हात. मधे संडासला गेलं की पुन्हा पहिल्यापासून. निरोगी माणसाला हे एका स्नानात जमतं. जुलाबवाल्याने काय करायचं ते आईने सांगून ठेवलेलं नाही. आज नुसता भाजी-भाकरीचा नैवेद्य, तेवढ्यात शैलाची तीन स्नानं झाली. गिझर दमला. तिसऱ्या वेळी ओल्या केसांनी बाहेर आली, ओठ पांढरे, आणि डब्याकडे बोट केलं. एक दिली.

"उद्या असं झालं ना, तर मी काय करू, सांगा. पुरण घाटता घाटता उठू?"

म्हटलं, उद्या उठल्या उठल्या आधीच घेऊन टाक. मी प्रवासाला निघताना हेच करतो. जुलैत उज्जैनला जाताना बसमध्ये बसायच्या आधी एक घेतली, काही झालं नाही. गोळी घेतली म्हणून झालं नाही की मुळात होणारच नव्हतं, हा प्रश्न मला आजवर पडलेला नाही. लिहिताना आत्ता पडला. असो.

ऋचाने बाजारातून येताना मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणली. ते नारिंगी पाणी बघून शैला म्हणाली, हे सोवळ्यात चालत नाही. बरं, नुसतं पाणी? तेही नको. पाणी प्यालं की जावं लागतं, असा हिशेब.

ऋचा: "आई, उद्या मी करते सगळं. तुम्ही खुर्चीत बसून सांगा फक्त."

शैला: "तुमच्याकडे खड्याच्या गौरी गं बाई. आमच्या दोघी उभ्या असतात. बघून राहतात सगळं."

मी मधे पडलो नाही. सासू-सुनेच्या बोलण्यात पडू नये, एवढी अक्कल आहे.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. ऋचाच्या हातात मुखवटे, दारापासून कुंकवाची पावलं. प्रत्येक खोलीत थांबून शैला विचारत होती, "महालक्ष्मी आली, काय पाहते?" आणि ऋचा म्हणत होती, "धनधान्य, मुलंबाळं." स्वयंपाकघराच्या दाराशी शैला जरा भिंतीला टेकली. पायाला मुंग्या आल्या म्हणाली.

सोमवार, १ सप्टेंबर

झालं. अगदी दृष्ट लागण्यासारखं झालं.

शैला पहाटे पाचला सोवळ्यात शिरली ती दीडला नैवेद्य दाखवून बाहेर आली. एकदाही उठली नाही. पुरणपोळी, कढी, आंबील, पंचामृत, सोळा भाज्या. पडवळ शेवटी मल्हारगंजच्या वहिनींनी आणलं. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. पोळी तोंडात टाकून म्हणाल्या, "शैला, तुझ्या हातालाच देवी आहे गं." मी दारात उभा, आणि मनात म्हणालो, हाताला देवी आणि पोटाला गोळी.

पाहुण्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. मला फार अभिमान वाटला. तिचा आणि थोडा डब्याचा.

ऋचाचं काहीतरी चालू होतं. वाढताना दोनदा माझ्याजवळ येऊन, "बाबा, आईंनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये. हात थरथरतायत." पूजनाच्या दिवशी नैवेद्याआधी कोण खातं? तसं तिला सांगितलं. चारला शैला जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि पान बाजूला केलं. "पोट भरल्यासारखं होऊन राह्यलंय." मी तिच्या कपाळाला हात लावला. गार.

बावीस नव्हे, सव्वीस जेवले.

मंगळवार, २ सप्टेंबर. दुपार, नर्सिंग होम

तुकोगंजला डॉक्टर मॅडमकडे बसलोय. शैलाला सलाईन लावलंय. वही बरोबर आणली कारण हाताला काहीतरी पाहिजे.

सकाळी उठवली तर उठेना. पोट नगाऱ्यासारखं टरारलेलं, हात लावू देईना. ऋचाने थर्मामीटर लावलं, एकशे दोनच्या वर. मग ऋचाने तिला सरळ विचारलं. मला ते तीन दिवसांत सुचलं नव्हतं. "आई, रक्त पडत होतं का?" शैला भिंतीकडे बघत म्हणाली, "शनिवारपासून. थोडंसं. तुम्ही सगळे घाबरून जाल म्हणून..." आणि ताप? तोही होता. माझ्याच डब्यातल्या तापाच्या गोळ्या घेत होती. म्हणून कपाळ गार.

मॅडम शांत बाई आहेत. पोट तपासलं, नळी लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग मला, "जुलाब थांबायची गोळी दिली होती?"

हो.

"किती?"

"तीन-चार."

"रोज तीन-चार की एकूण?"

"एकूण," म्हणालो. पटकन म्हणालो. ऋचा माझ्याकडे बघत होती.

मॅडमनी लिहून घेतलं आणि औषधं लिहायला लागल्या. लिहिता लिहिता एवढंच म्हणाल्या, "ही गोळी जंतू मारत नाही. बाहेर जायचं दार लावून घेते. आतला पाहुणा आतच राहतो."

मी दिल्या त्या चारच. हे खोटं नाही. पण तिने स्वतः किती घेतल्या ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही असं मी म्हणालो नाही.

तोच दिवस, सायंकाळ, घरी

महालक्ष्म्यांचं विसर्जन करायला मी घरी आलो, ऋचा तिथे थांबली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, मुखवटे हलवले. एकट्याने. एरवी या वेळी घरात दहा बायका असतात. दोघींकडे बघवेना.

मग डबा उघडला.

पोट-बंद. लेबलवर माझंच अक्षर: २० जून, नग २०. जुलैत मी एक घेतली. बाटली ताटलीत उपडी केली. सात. पुन्हा मोजल्या. सातच.

म्हणजे बारा. तीन दिवसांत, अंगात ताप, रक्त पडतंय, पाणी नाही, अन्न नाही. चार माझ्या हाताने आणि आठ माझ्या शिकवणीने.

तासभर बसून होतो. स्वतःला सांगून पाहिलं की आता सलाईन चालू आहे, औषध चालू आहे, आकड्याने काय फरक पडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग वाटलं, मूठ माझी झाकलेली आणि हातात सुई तिच्या. तेहेतीस वर्षांत एकही माप चुकीचं लिहून वर पाठवलं नाही. धरणाच्या भिंतीला एक माप, आणि बायकोला "तीन-चार".

ऋचाला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, हे मी सांगणार नाही. तुम्ही या आणि सांगा." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

स्कूटर काढतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल मॅडमसमोर बाटली ठेवली. म्हटलं, बारा. सकाळी मी चुकीचं सांगितलं.

त्यांनी बाटली उचलून लेबल वाचलं. "अक्षर छान आहे." मग, "पण यात आहे काय? औषधाचं नाव? किती मिलिग्रॅमची?"

आणि मला येईना. पोट-बंद. त्यापुढे काही नाही. नाव पाकिटावर होतं, पाकीट कचऱ्यात. त्यांच्यासमोर बसून मेडिकलवाल्या मुकेशला फोन लावावा लागला. तो म्हणाला, "काकाजी, लोपेरामाइड है वो, दो एमजी वाली. क्यूं, क्या हो गया?" काही नाही म्हटलं आणि ठेवला. मग पुन्हा लावून झालं ते सांगितलं. कालचा दिवसच तसा होता, एकदा सुरू झालं की थांबत नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. लगेच उठल्या, नर्सला हाक मारली, शैलाचा ईसीजी काढला. जंतूंसाठी जे औषध सकाळी लिहिलं होतं ते बदलून दुसरं दिलं. ही गोळी प्रमाणाबाहेर गेली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणे, आणि सकाळचं ते औषधही काही जणांत तेच करतं. दोन्ही एका वेळी अंगात नकोत.

"पहिला डोस अजून द्यायचा होता," नर्स म्हणाली. "संध्याकाळी बाहेरून मागवलं, आठला द्यायचं होतं."

मी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते.

ईसीजी बरा आहे. तरी दोन दिवस इथेच ठेवणार. आतडी हलायची थांबली होती, ती हळूहळू हलतील. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. रडू आलं, थोडं. ऋचा चहा घेऊन आली आणि शेजारच्या पायरीवर बसली. पोरगी शहाणी आहे.

शैलाला सांगितलं की बारा झाल्या हे मॅडमना कळवलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "माझ्या चोऱ्या डॉक्टरला सांगून आलात."

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज सकाळी पोट साफ झालं. घरात एवढा आनंद अमोल शाळेत पहिला आला होता तेव्हा झाला होता. ऋचाने बेंगलुरूला फोन करून कळवलं, वर "आई म्हणाल्या, पेढे वाटू नका."

ताप उतरतोय. खिचडी चार चमचे. नारिंगी पाणी पिते आहे, नाक मुरडत. सोवळं आता राहिलं नाही, तर निमित्तही राहिलं नाही.

मॅडमना विचारलं, मग ही गोळी घ्यायचीच नाही का? म्हणाल्या, तसं नाही. मोठं माणूस, साधे पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही, आणि एखादा दिवस काढायचा आहे, तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्या मापात घ्यावी. दोन दिवसांत थांबलं नाही तर गोळी बंद आणि डॉक्टर. लहान मुलांना मनाने द्यायचीच नाही. आणि गोळी घ्या न घ्या, पाणी पहिलं. "जुलाबाने माणूस जातो तो पाण्यावाचून. तुम्ही गोळी दिलीत आणि पाणी बंद करू दिलंत."

हे शेवटचं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मला दिवसभर पुरलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शैला घरी.

नारिंगी पाण्याची पाकिटं आणायला मुकेशकडे गेलो. आता त्याचं दुकान म्हणजे वीस वर्षांची ओळख. त्याच्यावरच चढलो, तू मला कधी सांगितलं का नाहीस?

"काकाजी, आपने पूछा कब? आप आते हो, बोलते हो दो पत्ते दे दे, और यहीं खड़े-खड़े गोली निकाल के शीशी में भर लेते हो. पर्ची तो मेरे ही डस्टबिन में डाल के जाते हो."

खरं आहे. काउंटरवर उभा राहून भरतो, घरी कचरा नको म्हणून. वीस वर्षं तो बघतोय. मी इंजिनिअरसारखा दिसतो म्हणून बोलला नसेल. मी इंजिनिअर नव्हतो, ड्राफ्ट्समन होतो.

मग त्याने त्याच गोळीचं एक नवं पाकीट उघडून आतला कागद मला दिला आणि म्हणाला, "भिया, बैठ के पढ़ो." काकाजीचा भिया, म्हणजे नुसता भाऊ, झालो. उतरलीच माझी.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गणपतीचं सकाळीच बादलीत विसर्जन केलं, शैलाला बसून बघता यावं म्हणून.

दुपारी ऋचा आणि मी डबा घेऊन बसलो. भिंग लावून तो कागद वाचला. मुंगीच्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. ताप असेल तर नको. शौचात रक्त असेल तर नको. पोट फुगलं तर ताबडतोब बंद. दुसरी औषधं चालू असतील तर विचारा. शैलाच्या तीन दिवसांचं वर्णन एखाद्याने आधीच करून ठेवावं तसं वाटलं. मी ते वीस वर्षं मुकेशच्या डस्टबिनमध्ये टाकत होतो.

एकोणीस बाटल्या निघाल्या. एका लेबलवर नुसतं "अंगदुखी, बरी". दुसऱ्यावर "नंदूची". नंदू माझा मावसभाऊ, त्याला कशासाठी होत्या आणि माझ्याकडे कशा आल्या, देवाला ठाऊक. ऋचा लेबल वाचायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, टाक. "पित्त"ला जरा जीव अडकला, कारण त्यातला प वळणदार आला होता. टाकली.

आता गोळ्या पाकिटातच राहतील आणि पाकिटाभोवती कागद रबराने. डब्याचं झाकण लागत नाही. न लागो.

ऋचाला म्हटलं, तू सोमवारी दोनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "मीपण जोरात नाही म्हणाले, बाबा. पाहुणे होते." मग थोड्या वेळाने, "मला वाटलं, तुमच्या घरची पद्धत."

'तुमच्या घरची' म्हणाली. तीन वर्षं झाली तिला या घरची सून होऊन.

बुधवार, १० सप्टेंबर

शैला बरी. बरी म्हणजे चिडचिड सुरू झाली, वरणाला फोडणी नाही म्हणून. चार किलो वजन उतरलंय. बांगड्या कोपरापर्यंत जातात.

मल्हारगंजच्या वहिनींचा फोन. अजून पुरणपोळीचं कौतुक चालू आहे, त्यांच्या माहेरीसुद्धा सांगून झालं. शैलाला काय झालं होतं विचारलं, मी "जरा पोट बिघडलं होतं" म्हणालो. फोन ठेवल्यावर शैला म्हणाली, "सांगायचं ना खरं." मी म्हटलं, तुझीच शोभा झाली असती. ती म्हणाली, "माझी की तुमची?"

पेपर वाचायला घेतला, कालचा निघाला.

रविवार, १४ सप्टेंबर

उद्या अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध या तिथीला. गुरुजी अकराला येतील. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं सोवळ्यात.

आणि शैलाला आज सकाळी दोन वेळा पातळ झालं.

ताप मोजला, नाही. रक्त आहे का विचारलं, या वेळी तोंडावर विचारलं, नाही म्हणाली, आणि खरं बोलत होती. मॅडमना फोन केला. आतडी अजून नाजूक आहेत म्हणाल्या. पाणी चालू ठेवा, हलकं खाऊ द्या, विश्रांती. ताप आला, रक्त दिसलं किंवा पोट फुगलं तर घेऊन या. गोळी नको, आत्ताच त्यातून उठल्या आहेत.

दुपारी जेवणं झाल्यावर शैला माझ्याजवळ येऊन बसली. असं सहसा बसत नाही.

"अहो, उद्या सकाळी एकच द्या. बस एक. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमीच आहे ना ती?"

"नाही."

"वडे तळायचे आहेत हो. सारखं उठून कसं चालेल?"

मी म्हटलं, उद्या तू स्वयंपाक करायचाच नाही. मी आणि ऋचा करू, येईल तसा. नाहीतर गुरुजींना शिधा देऊ. आई काही वरून परत पाठवणार नाही.

मला वाटलं आता सोवळ्यावरून ऐकवणार. पण ती म्हणाली, "हे महालक्ष्म्यांच्या वेळी का नाही म्हणालात?"

त्याचं उत्तर इथे लिहितो. ती थकली आहे हे मला शनिवारीच दिसलं होतं. पण बावीस पानं ठरली होती, आणि ते पुरण, ती वाहवा, दारात उभं राहून ती ऐकणं, हे मलाही हवं होतं. गोळी दिली की तिला थांब म्हणावं लागत नव्हतं. ती थांबली असती की नाही, माहीत नाही. बहुतेक नसती. पण म्हणायला हवं होतं.

उद्याचं तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठली, सोवळ्याचं पातळ धुतलं आणि आतल्या खोलीतल्या दोरीवर काठीने टाकलं. मग पडली. आता झोप लागली आहे, घोरते आहे थोडी.

ते पातळ उद्यासाठी. त्याला माझा हात लागला की ते ओवळं, आणि या दमट हवेत दुसरं पहाटेपर्यंत वाळत नाही. प्रश्नच मिटतो. पण तिला न विचारता तिच्याबद्दल पुन्हा मीच ठरवायचं, एकदा गोळीने आणि आता हाताने, हेही बरं वाटत नाही. दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

साडेपाच वाजलेत. ऋचा बाजारातून वड्यांचं पीठ घेऊन यायची आहे. शैला उठली की पुन्हा एकदा सांगून बघतो, नीट समोर बसून. ती दोरी तिच्यासाठी उंच आहे, तिला काठी लागते. माझा हात पोचतो.